मुंबईची जीभ आणि तालुक्याचे गाव

नोकरी संपते, क्वार्टर रिकामे करावे लागते आणि मुंबईत स्वतःची खोली घेण्याची ऐपत नसते. मग फंडाच्या पैशातून तालुक्याच्या गावी दोन-तीन खोल्या बांधायच्या आणि तिकडे राहायला जायचे. अशी आपल्या समाजातील कुटुंबे आता जागोजागी आढळतात. रेल्वे, गोदी, महानगरपालिका, पोस्ट, बँक अशा ठिकाणी बाबासाहेबांच्या पुण्याईने व स्वतःच्या कष्टाने लागलेली ही पिढी आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतरही आपली माणसे गावाकडे परतली होती, पण ती रिकाम्या हाताने आणि खालच्या मानेने परतली होती. आजचा माणूस पेन्शन घेऊन येतो. घराला स्लॅब असतो, नळ असतो, मुले शिकलेली असतात. मग सुख असायला हवे की नाही?

पण सहा महिने झाले की घरात कुरबूर सुरू होते. नवरा गप्प बसतो, बायको भांड्यांवर राग काढते, मुले मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसतात. विचारले तर सगळ्यांचे एकच उत्तर असते, "इथं करमत नाही." चळवळीच्या कामाने आम्ही अशा अनेक घरांत जातो, चहा घेतो, बोलणे ऐकतो. या 'करमत नाही'चा अर्थ काय, याचा विचार या वेळी आपण करू.

बाहेर जेवणे म्हणजे काय होते?

आपल्या कुटुंबांचे बाहेर खाणे म्हणजे काही पंचतारांकित हॉटेल नव्हे. पगाराच्या पुढच्या रविवारी उडप्याकडे मसाला डोसा, कधी इराण्याकडे ब्रून-मस्का आणि चहा, चौपाटीवर भेळ, पोरांचा निकाल चांगला लागला तर पावभाजी. रेल्वेत असलेल्यांना पास होते, सरकारी नोकरीत असलेल्यांना रजा प्रवास सवलत होती. त्यावर सारनाथ झाले, बोधगया झाली, कुशीनगर झाले, दिल्ली-आग्रा झाले. कुठल्याशा स्टेशनवर पहाटे पुरीभाजी खाल्ली, कुठे कुल्हडमधला चहा घेतला, दक्षिणेत केळीच्या पानावर जेवलो. ज्यांची नोकरीच गाडीवर होती, त्यांचे तर अर्धे आयुष्य बाहेरच्या अन्नावर गेले.

यात जिभेचे चोचले थोडे होते, हे खरेच. पण त्याहून मोठ्या दोन गोष्टी होत्या. पहिली म्हणजे घरच्या बाईला आठवड्यातून एक वेळ चुलीपासून सुट्टी मिळत होती. दुसरी म्हणजे हॉटेलात बसल्यावर कुणी नाव विचारत नव्हते. पैसे मोजायचे, खुर्चीवर बसायचे, शेजारच्या टेबलावर कोण आहे ते आपण बघत नाही आणि आपण कोण ते तो बघत नाही. ज्यांच्या आजोबांना गावच्या हॉटेलाबाहेर उकिडवे बसून, वरून ओतलेला चहा आपल्या कानतुटक्या कपात घ्यावा लागला, त्यांच्या नातवाला त्या टेबलाची किंमत इतरांपेक्षा जास्त कळते. मसाला डोसा आज तालुक्यालाही मिळतो. मग माणसाला आठवते ते काय? ते बिननावाचे बसणे.

तालुक्याचे गाव पहिल्यांदा नाव विचारते

लहान गावात माणूस अनोळखी राहू शकत नाही. किराणा घ्यायला गेले की "पाहुणे कुणाचे?" असे विचारतात. रिक्षात बसले की "कोणत्या नगरात उतरणार?" आणि भीमनगर म्हटले की पुढचे विचारायची गरजच उरत नाही. हे सगळे वाईट बुद्धीने होते असे नाही. लहान गावाची ती रीतच असते. आजारी पडल्यावर हीच माणसे धावून येतात, हेही आम्ही पाहिले आहे. तरी शहरात तीस वर्षे जे ओझे खांद्यावरून उतरले होते, ते इथे पुन्हा कुणीतरी अलगद ठेवून जाते.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाची हकिकत सांगतो. गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले, मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी घर बांधून राहिलेले. पहिल्याच महिन्यात रविवारी संध्याकाळी पती-पत्नी, सून आणि नातू असे चौघे बसस्टँडजवळच्या हॉटेलात गेले. गल्ल्यावरच्या मालकाने हसून चौकशी केली, आडनाव विचारले, नवीन घर कोणत्या बाजूला तेही विचारले. भजी आली, पोहे आले. मग चहा आला, तो कागदी कपात. शेजारच्या सगळ्या टेबलांवर काचेचे ग्लास होते.

गृहस्थ म्हणाले, "जाऊ दे, पिऊन निघू." पण बाईंनी कप हातात घेतला नाही. त्यांनी पोऱ्याला न रागावता मालकाला हाक मारली, "दादा, आम्हाला पण काचेच्या ग्लासातच द्या. कागदाचा वास लागतो चहाला." मालक क्षणभर घुटमळला आणि "हो, हो, देतो की" म्हणत ग्लास पाठवले. कदाचित ग्लास धुवायला टाकले असतील, कदाचित मनात दुसरेच काही असेल. बाईंनी त्याचा पंचनामा केला नाही. पण पुढच्या रविवारी नवरा "नको तिथं" म्हणाला, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, तिथंच जायचं. आज नाही गेलो तर पुन्हा कधीच जाणार नाही." ते गेले. आज त्या हॉटेलात त्यांना न मागता ग्लास येतो आणि मालक नातवाला जिलेबीचा तुकडा जास्त टाकतो.

आम्हाला ही गोष्ट मोठ्या मोर्चाइतकीच मोलाची वाटते.

बडोद्याची आठवण

परदेशातून किंवा मोठ्या शहरातून आल्यावर मागचे सगळे पुन्हा अंगावर येते, हा अनुभव खुद्द बाबासाहेबांनी घेतला आहे. १९१३ ला ते न्यूयॉर्कला गेले, तिथून १९१६ ला लंडनला. वर्गात, ग्रंथालयात, खाणावळीत कुणी त्यांना जात विचारली नाही. आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्या वर्षांत मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. १९१७ साली ते बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यासाठी गेले, तेव्हा राहायचे कुठे हा पहिला प्रश्न पडला. हिंदू हॉटेल घेणार नाही, म्हणून पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत खोली खाली करा म्हणाले. मित्रांनीही घरात घेण्यास असमर्थता दाखवली. एवढा मोठा विद्वान, गाडीची वेळ होईपर्यंत कामाठी बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला. ही हकिकत त्यांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती पुस्तिका १९९० साली प्रसिद्ध केली. घरातील शिकलेल्या मुलांनी ती सर्वांना वाचून दाखवावी.

आमच्या मनात येते ते असे. १९१७ साली बाबासाहेबांना डोके टेकण्यापुरती जागा मिळावी म्हणून दुसऱ्याचे नाव घ्यावे लागले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी आपल्याला स्वतःचे नाव दिले. बडोद्यापासून दीक्षाभूमीपर्यंतच्या त्या एकोणचाळीस वर्षांची कमाई म्हणजे आपली आजची ओळख आहे. म्हणून तालुक्याच्या गावी गेल्यावर कुणी "तुम्ही कोण?" विचारले, तर आडवळणाने उत्तर देऊ नये. "आम्ही बौद्ध" असे सरळ सांगावे आणि पुढच्या गोष्टीकडे वळावे. घर भाड्याने मिळेना म्हणून किंवा पोरीच्या नोकरीखातर कुणी आडनाव झाकले, तर त्याला नावे ठेवणाऱ्यांतले आम्ही नाही. पोटाची अडचण ज्याची त्यालाच ठाऊक. पण सवय म्हणून झाकू नये. मुले बघत असतात.

कायदा खिशात, शब्द गोड

संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत कुणालाही जातीवरून अडवता येणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याप्रमाणे हॉटेलात प्रवेश नाकारणे किंवा सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवास व दंड दोन्ही आहेत. हे प्रत्येक घरात माहीत असावे.

परंतु कायदा ही शेवटची पायरी. आधी त्या बाईंप्रमाणे सरळ मागावे. नाही दिले तर चार माणसांसमोर विचारावे. तरीही नाही दिले तर तारीख, वेळ, सोबत कोण होते ते लिहून ठेवावे आणि कार्यकर्त्यांना घेऊन पोलीस ठाण्यात जावे. रागाच्या भरात भांडण केले तर मूळ गोष्ट बाजूला राहते आणि उलट तक्रार आपल्यावरच येते. हे पथ्य पाळावे.

आणखी एक वाट कोल्हापूरच्या इतिहासात आहे. पाण्याला हात लावला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना राजर्षी शाहू महाराजांनी भांडवल दिले आणि चहाचे हॉटेल काढायला लावले. महाराज स्वतः त्या हॉटेलात चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. आपल्या निवृत्त बांधवांपैकी कुणाच्या हाताला चव असेल, मुलगा बेकार असेल, तर तालुक्याच्या गावी स्वच्छ टेबल-खुर्च्यांचे छोटे हॉटेल काढायला काय हरकत आहे? गिऱ्हाईक कोणत्याही जातीचे येवो, ग्लास सगळ्यांना एकच. पण धंद्याचा हिशेब आधी, उत्साह नंतर. सगळा फंड त्यात घालू नये.

भगिनींची सुट्टी

आता घरातली गोष्ट. मुंबईत रविवारी संध्याकाळी बाहेर जायचे म्हणजे घरच्या बाईला एक वेळचा स्वयंपाक सुटायचा. तालुक्याला आल्यावर हॉटेलात जाणे कमी होते, पैसा जपून वापरावा लागतो, आणि वर पाहुणे-रावळे वाढतात. म्हणजे नवरा निवृत्त झाला आणि बायकोची ड्यूटी दुप्पट झाली. "करमत नाही" असे ती म्हणते, त्याचा निम्मा अर्थ हाच असतो.

एका भगिनीने आम्हाला स्पष्टच सुनावले, "साहेब, यांना पेन्शन चालू झाली, मला कधी?" या प्रश्नाला आमच्याकडे एकच उत्तर आहे. रविवारची संध्याकाळ तिचीच राहिली पाहिजे. ज्या दिवशी हॉटेल नाही, त्या दिवशी घरातल्या पुरुषांनी चुलीपुढे बसावे. ज्यांनी लाइनवर असताना स्टोव्हवर खिचडी शिजवली, त्यांना घरच्या गॅसवर पिठले टाकता येत नाही, हे आम्ही मान्य करणार नाही. मुलाने भात लावावा, बापाने भाकऱ्या थापाव्यात, वाकड्या झाल्या तरी चालतील. स्त्रियांच्या हक्काच्या हिंदू कोड बिलासाठी ज्या नेत्याने १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्याच्या अनुयायाला आठवड्यातून एक दिवस पोळपाट जड होऊ नये.

खाण्याचाच विषय आहे म्हणून आणखी एक. शहरात वाढलेली मुले गावच्या जेवणाला नाक मुरडतात. सुकट नको, ठेचा नको, ज्वारीची भाकरी नको. गावच्या पाहुण्यांसमोर तर त्यांना आपल्या वस्तीतले जुने पदार्थ सांगायचीही लाज वाटते. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातील महार-मांगांच्या खाद्यसंस्कृतीवर 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहिले. ते २०१५ साली आले आणि २०२४ साली त्याचा इंग्रजी अनुवादही झाला. जे अन्न आपल्या आजीने कमी तेलात, कमी मिठात, कधी अर्धपोटी रांधले, त्याला आज जगात वाचक आहे. मुलांना आजीशेजारी बसवून हे पदार्थ लिहून घ्यायला लावा. नुसती चव नाही, ते दिवसही लिहून घ्या. ते अन्न आपल्यावर का आले, हे कळले तरच त्याचा इतिहास कळतो.

थोडा हिशेब

आम्ही हिशेबाच्या कामातले, म्हणून आकड्यांशिवाय आम्हाला राहवत नाही. समजा चौघांचे बाहेर खाणे एका वेळी ६०० रुपये. दर रविवारी गेले तर वर्षाला ३१,२०० रुपये होतात. पेन्शनीत ते परवडत नाही. पण म्हणून अजिबात जायचे नाही, हेही बरोबर नाही. महिन्यातून दोनदा गेले तर १४,४०० रुपये लागतील आणि १६,८०० रुपये वाचतील. हे वाचलेले पैसे वेगळ्या डब्यात, म्हणजे वेगळ्या बचत खात्यात ठेवा. त्यातून वर्षातून एक प्रवास करा आणि थोडे विहारातल्या अभ्यासिकेच्या पुस्तकांना द्या. फंड मिळाल्याच्या पहिल्या वर्षी मात्र हात आवरा. नातेवाईकांना आपण मुंबईवाले आहोत हे दाखवण्यासाठी गावजेवणे घालून वर्षात खाते रिकामे केलेली घरे आम्ही पाहिली आहेत. "मुंबईचे शेठ आले" असे म्हणणारे लोक पैसे संपल्यावर वळूनही बघत नाहीत.

प्रवास थांबत नाही, लहान होतो

ज्यांना फिरायची सवय, त्यांना चार भिंतींत कोंडल्यासारखे होते. पण तालुक्याचे गाव म्हणजे काही जगाचा शेवट नाही. रेल्वेच्या निवृत्तांना वर्षाला ठराविक पास मिळतात, ते कपाटात कुजवू नका. ज्येष्ठांची रेल्वे तिकिटातली सवलत मार्च २०२० पासून बंद झाली, हे खरे. पण एस.टी.त मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट मिळू लागले आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास मिळू लागला. त्याचा उपयोग करा.

आणि जायचे कुठे? आपण बोधगयेला जाऊन आलो, पण घराशेजारची लेणी पाहिली नाहीत, असे पुष्कळांचे झाले आहे. मराठवाड्यात राहणाऱ्याला अजिंठा आणि वेरूळ आहेत, औरंगाबादची लेणी आहेत, कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याची प्राचीन बौद्ध लेणी आहेत. बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय आणि तो नागसेनवनाचा परिसर आहे. पुणे-नाशिककडे राहणाऱ्यांना कार्ले, भाजे, जुन्नर आणि त्रिरश्मी लेणी आहेत. पहाटेची एस.टी., सोबत भाकरी-चटणीची शिदोरी, वस्तीतली चार मुले. जी मुले तालुक्याच्या पलीकडे गेलेली नाहीत, त्यांना घेऊन जा. तुम्ही जग पाहिले, आता दुसऱ्याला दाखवा. करमत नाही म्हणणाऱ्याला यासारखे औषध नाही.

मागे राहिलेल्यांचा मान

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. परतलेली काही मंडळी वस्तीतल्या बांधवांना कमी लेखतात. "यांना काय कळतं, यांनी काय पाहिलंय?" असे बोलतात. बांधवांनो, आपण मुंबईत कुणी नाव विचारत नाही अशा टेबलावर चहा पीत होतो, तेव्हा ही माणसे इथेच राहून लढत होती. गावच्या पाणवठ्यासाठी, विहाराच्या जागेसाठी, जयंतीच्या मिरवणुकीच्या रस्त्यासाठी त्यांनी मार खाल्ला, खटले अंगावर घेतले. नामांतराच्या लढ्यात १९७८ साली मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, त्या यांच्याच. आज आपण त्या गावच्या हॉटेलात खुर्चीवर बसतो, त्या खुर्चीचे निम्मे पैसे यांनी आधीच भरले आहेत. त्यांच्याकडून गाव शिकून घ्यावे आणि त्यांना आपल्या अनुभवाचा उपयोग करून द्यावा. बँकेचा अर्ज भरून द्या, पेन्शनची फाईल लावून द्या, पोरांना स्पर्धा परीक्षेची वाट दाखवा.

विहारात रविवारी वंदनेनंतर महिन्यातून एकदा एकत्र जेवणाचा पायंडा पाडावा. प्रत्येक घरून एक पदार्थ. पंगतीत वाढायला पुरुष, जेवायला आधी भगिनी. शेजारच्या आळीतली, दुसऱ्या समाजाची ओळखीची माणसेही आग्रहाने बोलवावीत. कुणी येईल, कुणी येणार नाही. ज्या टेबलावर कुणी नाव विचारत नाही ते टेबल शहराने आपल्याला दिले होते. नाव सांगूनही जिथे सगळे एकत्र बसतात ती पंगत मात्र आपल्यालाच मांडावी लागेल, आणि ती मांडायला तालुक्याच्या गावाइतकी चांगली जागा नाही.

येत्या पौर्णिमेला आपल्या विहारात हा विषय बोलायला घ्यावा, आणि बोलण्याची सुरुवात भगिनींनी करावी, ही विनंती.

जय भीम!